कुठून? कुठं? कधी?

मराठी माणूस वाचत नाही अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा आमच्या हिंगोलीला यावं, आणि ज्या घरातलं कुणी उद्या परगावी निघालं आहे अशा घरात सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना डोकवावं. घरातला कर्तासवरता मुलगा हातातल्या फोनकडे असा टक लावून बसलेला असतो, की दारावरून वरात गेली तरी त्याला पत्ता लागू नये. बायकोनं ठेवलेल्या चहावर साय धरलेली असते. वडील भिंतीवरचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ यांचं जमवून देण्याच्या खटपटीत असतात. आई देवघरातून दर अर्ध्या मिनिटानं "झालं का रे?" असं विचारते. आणि तो वाचत असतो. शब्दन्‌शब्द वाचत असतो. एखादी ओळ नजरेतून सुटली तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. कोणत्या कादंबरीच्या नशिबी असा वाचक आहे, सांगा बरं!

हे वाङ्मय म्हणजे प्रवासाचं तिकीट काढण्याचा ऑनलाइन फॉर्म. रेल्वेचा, एसटीचा, खासगी गाड्यांचा, विमानाचा. रोज लाखो लोक तो भरतात. दोनशे प्रती खपलेल्या कवितासंग्रहावर आपल्याकडे चार परीक्षणं येतात, त्यांतली दोन कवीच्या मेव्हण्यानं लिहिलेली असतात. पण ह्या फॉर्मचं परीक्षण काही आजवर माझ्या वाचनात आलं नाही. तेव्हा ते काम मीच अंगावर घेतो आहे.

तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. संगणकातलं मला काही कळत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली आणि त्या काळात पोत्यानं प्रश्नपत्रिका काढल्या. फॉर्म म्हणजे दुसरं काय असतं? प्रश्नपत्रिकाच की! वेळ ठरलेला, जागा मोजक्या, आणि नापास झालात तर कारण न सांगता घरी. प्रश्नपत्रिका बरी की वाईट हे मास्तरला नुसत्या वासावरून कळतं.

तर प्रश्नपत्रिकेचं एक जुनं मर्म आहे. पोराला काय येत नाही हे शोधणारा परीक्षक कच्चा. त्याला काय येतं ते बाहेर काढणारा खरा. म्हणून 'खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा' हे मला मराठी भाषेतलं सर्वांत दयाळू वाक्य वाटत आलं आहे. त्या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या तरून गेल्या. तिकिटाच्या फॉर्ममध्ये हे वाक्य नसतं. तिथं सुरुवातीलाच तीन प्रश्न, आणि तिन्ही अनिवार्य. कुठून? कुठं? कधी?

आता आमच्या भागातला माणूस गावाहून निघतो तो काही ह्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला निघत नाही. तो कशासाठी तरी निघतो. लग्नाला निघालेल्याची तारीख पक्की असते, पण तो हिंगोलीहून बसायला तयार असतो, वसमतहून बसायला तयार असतो, आणि कुणी नेऊन सोडणार असेल तर पूर्णेहूनसुद्धा. दवाखान्यात निघालेल्याचं गाव पक्कं, पण तारीख डॉक्टरांच्या तोंडात. देवदर्शनाला निघालेल्याला कुठलाही दिवस चालतो, फक्त गर्दीचा नको. प्रत्येकाच्या प्रवासात एक बाजू लाकडाची असते आणि एक रबराची. कुठली लाकडाची, हे आधी विचारावं आणि मग रबराची बाजू ताणून जागा बसवून द्यावी, एवढंच बुकिंगचं शास्त्र. फॉर्म सगळंच लाकूड समजतो.

ह्या दृष्टीनं पाहिलं तर आपल्याकडची सर्वांत यशस्वी आरक्षणपद्धत म्हणजे एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. पहिला रुमाल त्याच दिवशी पडला असणार ह्याबद्दल मला शंका नाही. ह्या पद्धतीत पासवर्ड नाही, ओटीपी नाही, सेवाशुल्क नाही. रुमाल टाकला तर एक जागा, टॉवेल टाकला तर दोन, आणि लेकराला खिडकीतून आत सोडलं तर अख्खं बाकडं. रद्द करायचं असेल तर रुमाल उचलायचा, परतावा जागच्या जागी खिशात. तक्रारनिवारणाची सोयही गाडीतच: "रुमाल कुणाचा हाय?" अशी एक आरोळी होते, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं जातं आणि शेवटी कंडक्टर निकाल देतो. तो मानावा लागतो, कारण घंटीची दोरी त्याच्या हातात असते. ज्याला आजकाल सर्वसामान्यांना वापरायला सोपी प्रणाली म्हणतात, ती ह्याहून वेगळी काय असणार?

त्याच्यानंतर रिझर्व्हेशनची खिडकी. ह्या खिडकीला मी डोक्यावर घेणार नाही. त्या रांगांमध्ये आम्ही तरुणपण घालवलं आहे. आपला नंबर आला की खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी फिरायची. फॉर्मवर सहा नावं भरताना पेन झरायचं, आणि मागचा माणूस ते पेन उसनं मागायला टपलेला असायचा. आत बसलेला गृहस्थ देवमाणूस वगैरे मुळीच नव्हता. उलट तो सदानकदा वैतागलेला असे. पण त्या वैतागातही तो एक प्रश्न विचारायचा, "उद्याचं नाही मिळत. परवाचं चालंल का?" आणि आपण मान हलवायच्या आत, "नांदेडवरून बसता का? तिथून हाय एक खालचा." हा चौथा प्रश्न छापील फॉर्मवर कुठंच नव्हता. तो त्या माणसाच्या डोक्यात होता.

हे असं का झालं, ह्याचा शोध घेताना मला एक गोष्ट सापडली, ती सांगतो. १९५३ साली अमेरिकेत एका विमानात दोन स्मिथ शेजारी शेजारी बसले. एक अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख, दुसरे आयबीएम कंपनीचे विक्रेते. आपल्याकडे दोन कुलकर्णी शेजारी आले की आधी मूळ गाव निघतं आणि मग लांबचं नातं. ह्या दोघांच्या गप्पांतून आरक्षणाचं यंत्र निघालं. १९६० च्या सुमारास ते चालू झालं; सेबर त्याचं नाव. तोवर विमानाच्या जागांचा हिशेब पुठ्ठ्याच्या कार्डांवर माणसं ठेवत असत. आपल्याकडे रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झालं. दोन्ही यंत्रं उत्तम होती. पण एक लक्षात घ्या, दोन्ही यंत्रं शिकलेल्या कारकुनासाठी बनवलेली होती. कारकून आपल्याशी मराठीत भांडायचा आणि यंत्राशी सांकेतिक भाषेत बोलायचा. यंत्राला तीन प्रश्न पुरत होते, कारण बाकीचे प्रश्न कारकून विचारत होता.

मग २००२ साली रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर आलं. फार मोठी सोय झाली. खेड्यातल्या माणसाला रात्री दहाला घरबसल्या तिकीट मिळू लागलं, हे कुणी नाकारू नये. रांगेत उभं राहण्यासाठी सायकलवर पंधरा किलोमीटर गेलेल्यांना तर त्याची किंमत विचारायलाच नको. पण सोय करताना मधला कारकून उठवला आणि त्याच्या खुर्चीवर आपल्याला बसवलं. त्याच्यासमोरचा पडदा आपल्यासमोर आणून ठेवला. त्याला मिळालेलं शिक्षण मात्र आपल्याला कुणी दिलं नाही, आणि त्याचा चौथा प्रश्न कुणी उचलून फॉर्ममध्ये टाकला नाही. माझी सगळी टीका एवढीच आहे. बाकीचं तपशिलात येईल.

पहिला प्रश्न घ्या. कुठून? आमच्या स्टेशनचं अधिकृत नाव 'हिंगोली डेक्कन'. पुण्याहून प्रथमच येणाऱ्या माझ्या साडूंना वाटलं की गाडी डेक्कन जिमखान्यावरून सुटते. वसमतचं बसमत होतं आणि बसमतचं वसमत. औरंगाबाद शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, रेल्वे स्टेशनचं २०२५ मध्ये. माणसाला ह्यातलं काहीच अडत नाही. "नगरला चाललो" म्हटलं की कळतं, "बोरीबंदरला उतरलो" म्हटलं तरी कळतं, मग मधे त्या स्टेशनचं व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी होऊन गेलेलं असो. यंत्राला मात्र बारशाच्या दाखल्यावरचंच नाव लागतं.

आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. एका बस बुकिंगच्या ॲपवर (नाव घेत नाही, उगाच त्यांची जाहिरात) मी 'औंढा' असं टाकलं. ॲपनं क्षणभर विचार केला आणि मला अत्यंत अदबीनं पुण्याच्या औंधला नेलं. आता गंमत पाहा. ह्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये त्यासाठी मंजूर केले. अमेरिकेतल्या तशाच वेधशाळेनं २०१५ साली सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचा धक्का पकडला. तो धक्का प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी लहान होता. म्हणजे उद्या औंढ्यात बसून विश्वाच्या दुसऱ्या टोकाची कुरबुर ऐकू येईल, पण हिंगोलीत बसून औंढा सापडणार नाही. तिकडचे थोडे शास्त्रज्ञ ह्या ॲपवाल्यांना उसने द्यावेत.

दुसऱ्या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही, 'कुठं?' ह्याचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. पण पहिला आणि दुसरा मिळून एक गुंता होतो, आणि तो फॉर्म आपल्याला कधी सांगत नाही. गाडीत जागा असल्या तरी त्या सगळ्या गावांच्या सारख्या नसतात. जिथून गाडी सुटते तिथल्यांचा वाटा मोठा. मधल्या बऱ्याच गावांना मिळून एक लहानसा सामाईक वाटा. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेला किल्ल्या आणि बाकीच्या चौघींना मिळून एक कपाट, तसा प्रकार. म्हणून नागपूरहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत हिंगोलीच्या माणसाला प्रतीक्षायादी दिसते, त्याच वेळी नागपूरहून त्याच डब्यात जागा असू शकते. जाणती मंडळी मग तिकीट मागच्या स्टेशनापासून काढतात आणि चढण्याचं ठिकाण हिंगोली नोंदवतात. चार पैसे जास्त जातात, पण हे नियमात बसतं. यंत्राला हे सगळं ठाऊक असतं. दोन्ही आकडे त्याच्याच पोटात असतात. पण तुम्ही विचारलं नाही म्हणून ते बोलत नाही. ह्याला आमच्या स्टाफरूममध्ये 'सरकारी साक्षीदार' म्हणत असत.

मुंबईची जनशताब्दी २०२४ मध्ये जालन्यावरून हिंगोलीपर्यंत वाढवली, तेव्हा गावात आनंद झाला तो ह्याही कारणानं. गाडीच्या पाटीवर आपलं नाव आलं ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की त्या गाडीपुरतं हिंगोली हे थोरल्या सुनेचं घर झालं. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये रुंद होण्याआधी मीटरगेजवरच्या मीनाक्षी एक्सप्रेसमध्ये पाय ठेवायला जागा शोधणाऱ्या आमच्या पिढीला हे सुख काय आहे ते विचारा.

पण खरी रड तिसऱ्या प्रश्नाची आहे. कधी?

आमचे शेजारी वकीलसाहेब. कायद्याचा कीस काढण्यात हयात गेली. त्यांनी पुण्याच्या रात्रीच्या खासगी गाडीचं तिकीट काढलं, ते एका ॲपवरच. गाडी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी. साहेबांना गुरुवारी रात्री जेवून निघायचं होतं. ॲपनं तारीख विचारली, त्यांनी गुरुवारची दिली. आणि गुरुवारी रात्री जेवून, औषधं घेऊन, कानाला मफलर गुंडाळून ते अकोला बायपासला जाऊन उभे राहिले. त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. कारण बारा वाजून दहा मिनिटांचा गुरुवार म्हणजे तुमची-आमची बुधवारची रात्र. साहेबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून जो युक्तिवाद केला, तो मला अजून बिनतोड वाटतो. ते म्हणाले, "मास्तर, आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्री बाराला वार बदलतो हे इंग्रजांचं. बुधवारी रात्री जेवून निघालेल्या माणसाला कुणी 'गुरुवारी निघाला' म्हणतं का? मग तारीख विचारणाऱ्यानं नुसतं एवढं लिहावं ना, 'म्हणजे बुधवारी जेवण झाल्यावर'!"

मी म्हणतो, एका ओळीचा प्रश्न आहे. त्या एका ओळीनं किती लोकांचे हेलपाटे वाचतील! रेल्वेची वेबसाइट ह्या बाबतीत शहाणी. ती रात्री पावणेबारा ते बारा वीसपर्यंत दुकानच बंद ठेवते. वार बदलण्याच्या भानगडीत निदान त्या वेळी तरी कुणी पडू नये.

चांगल्याला चांगलं म्हटलंच पाहिजे, नाहीतर परीक्षण कसलं. रेल्वेच्या फॉर्ममध्ये खाली, तळटीप वाटावी अशा ठिकाणी, काही बारीक चौकटी असतात. 'निदान एक खालचा बर्थ मिळत असेल तरच तिकीट काढा', 'सगळ्यांना एकाच डब्यात जागा मिळत असेल तरच काढा', अशा अर्थाच्या. त्या वाचून माझे डोळे पाणावले. हे लिहिणारा माणूस कधीतरी गुडघेदुखीच्या आईला घेऊन प्रवासाला गेला असला पाहिजे. पहिल्या पानावर 'तारीख मागंपुढं चालेल' अशीही एक चौकट आहे. म्हणजे चौथा प्रश्न विचारावा हे कुणाला तरी सुचलं होतं! पण तो मुख्य प्रश्न न होता कोपऱ्यातली टिचकी होऊन बसला. २०१५ पासून तर प्रतीक्षायादीतल्या माणसाला दुसऱ्या गाडीत जागा शोधून देण्याची एक योजना आहे आणि तिचं नावच 'विकल्प'. माझ्यासारख्या मास्तरला ह्याहून गोड शब्द नाही. फक्त आमच्या परीक्षेत विकल्प पेपरच्या सुरुवातीला मिळायचा. इथं तो पेपर संपल्यावर, निकालाच्या दिवशी मिळतो, आणि तोही जागा शिल्लक असेल तर.

नावाचंही तसंच. आमच्याकडे लग्नाला कोण जाणार हे मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत नक्की नसतं. रेल्वेच्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. म्हणून नियमात अशी सोय आहे की गाडी सुटायच्या चोवीस तास आधी अर्ज केला, तर तिकीट आईवडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगा, मुलगी ह्यांच्या नावावर करून मिळतं; वऱ्हाडासाठी तर वेगळी तरतूद आहे. ह्या नियमामागे कुणीतरी मुलाबाळांत राहणारा अधिकारी असणार. पण त्यासाठी अर्ज आणि नात्याचा पुरावा घेऊन स्टेशनवर जावं लागतं. तिकीट घरबसल्या, भावाचं नाव मात्र खिडकीवर.

आता माझ्या आत्याकडे येतो, कारण हे सगळं परीक्षण मी तिच्यामुळे लिहायला बसलो.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सेनगाव तालुक्यातल्या खेड्यात एकटी राहते. यजमान गेल्याला वीस वर्षं झाली. लेक पुण्याला. तरुणपणापासून तिला फिरण्याची भारी हौस. पंढरपूर, पैठण, माहूर, नरसी नामदेव हे तर पायाखालचंच. कुठल्या फाट्यावर कुठली गाडी किती वाजता येते हे तिला पाठ. तिच्या लुगड्याच्या केळ्यात पैसे, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत दशम्या, एवढ्या भांडवलावर ती महाराष्ट्र हिंडलेली आहे. कुणाच्या परवानगीनं नाही आणि कुणाच्या सोबतीनंही नाही. एसटीनं ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत केला, तेव्हा तर ती साखर वाटायचीच काय ती राहिली. माझ्या मते ही सवलत म्हणजे तिकीटव्यवस्थेचा कळस आहे. आत्या कार्ड दाखवते, कंडक्टर कार्डाकडे आणि मग तिच्या सुरकुत्यांकडे बघतो, आणि शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. प्रश्न एकच, "कुठं जायचं, आजी?"

पण डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं आणि लेकीनं हट्ट धरला की आईनं झोपून यायचं. रात्रीच्या स्लीपरचं तिकीट. खालची जागा हवी; वर चढणं तिला शक्य नाही. मला फोन आला, "काढ रे बाळा."

मी एका ॲपवर बसलो. जागांचा नकाशा आला. खालची, खिडकीकडची, पुढच्या चाकापासून लांबची अशी नेमकी जागा मिळाली. ॲपनं ती माझ्यासाठी राखली आणि वर एक घड्याळ उलटं सुरू केलं: आठ मिनिटं. नाव, वय, फोन. फोन म्हणून आत्याच्या नातवाचा नंबर दिला, कारण गाडी कुठं थांबते ते रात्री कळवणारा निरोप तिच्या घरी जायला हवा. ॲप म्हणालं, ह्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत, ते इथं टाका. नातू हळदीच्या वावरात. वावरात रेंज नाही. मी आत्याच्या घरी फोन लावला, आत्यानं शेजारच्या पोराला बांधावर पिटाळलं, पोरगं धावत गेलं, नातवानं विहिरीच्या कठड्यावर चढून रेंज पकडली, आकडे आले, ते पोरानं तोंडपाठ केले, धावत परत आला आणि आत्यानं मला सांगायला सुरुवात केली, "च्यार... सात... सात..." एवढ्यात माझ्यासमोर अक्षरं आली, 'आपले सत्र समाप्त झाले आहे.' मराठीत होती, तक्रारीला जागा नाही. फक्त अशी भाषा मी आजवर वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर, काळ्या चौकटीत वाचली होती. जागा अर्थात गेली होती.

आत्याला मी हे समजावून सांगितलं. लबाड लोक यंत्रं लावून तिकिटं पळवतात, म्हणून ही तपासणी. खोटं नव्हतंच ते. दलालांच्या त्रासामुळेच जुलै २०२५ पासून रेल्वेचं ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार पडताळलेल्यांनाच मिळू लागलं. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतं, तेही सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिकीट माझं, पैसा माझा, अंग माझं. अन् जायचं का नाही हे पोराच्या फोननं ठरवावं? तुझे मामंजी होते तवासुद्धा मी कुणाला पुसून गेले नाही रे."

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. परीक्षक ह्या नात्यानं एवढंच म्हणतो की ह्या वाक्याला जी प्रणाली उत्तर देईल तिला मी विशेष योग्यतेसह पहिला वर्ग देईन. रंग बदलून, चित्रं हलवून, 'नमस्कार! आज कुठं फिरायचं?' असं लाडीगोडीनं विचारून जे सोपेपण येतं, ते वेगळं. फोन नसलेल्या, किंवा दुसऱ्याच्या फोनवर जगणाऱ्या माणसाला स्वतःचं तिकीट स्वतः काढता आलं पाहिजे. घड्याळ आठ मिनिटांचं लावायचं असेल तर विहिरीपर्यंतचं अंतर धरून लावावं. आणि डॉक्टरांनी गुरुवारचा शुक्रवार केला, तर तिकीट रद्द करून निम्मे पैसे कापून नवं तिकीट काढायला न लावता त्यालाच एक दिवस पुढं सरकू द्यावं. रुमाल उचलून मागच्या बाकड्यावर टाकला तर कंडक्टर दंड करत नाही.

त्या रात्री मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. वरची जागा मिळत होती, खालची नव्हती. सकाळी फोन करून आत्याला तसं सांगावं म्हटलं, तर घरी ती नव्हतीच. नातू म्हणाला, "आजी पहाटंच्या गाडीनं गेली."

संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी पत्ता नाही. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. लेक पुण्याहून दर पंधरा मिनिटांनी मलाच झापत होती. रात्री नऊच्या सुमाराला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आत्याचाच आवाज. हिंगोलीत एक गाडी बदलली, संभाजीनगरला दुसरी, आणि आता पुण्याच्या स्टँडवर उभी आहे, लेकीला घ्यायला पाठव. फोन कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एक पोरगी हाय बापा. कालेजात शिकती. संभाजीनगरला गर्दी लई व्हती, तर तिनं माझ्यासाठी खिडकीतून ओढणी टाकली व्हती. दोघींची जागा."

ऑपरेशन झालं, डोळा बरा आहे. परवा पुन्हा फोन आला. परतीचं तिकीट तेवढं मी काढायचं, स्लीपरचं, खालच्या जागेचं; लेकीनं शपथ घातली आहे. गुरुवारी किंवा शुक्रवारी, केव्हाही चालेल.

मी विचारलं, "गुरुवारी रात्री म्हणजे बाराच्या आधी का बाराच्या नंतर?"

आत्या म्हणाली, "रात्री म्हंजी रात्री रे. जेवण झाल्यावर."